चित्रपट अंधारा होता की टीव्ही? घरी आणि थिएटरात पाहिलेल्या चित्रपटांवर मत देण्याआधी

रीळगाडी (धागाकर्ता):
नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटांच्या गप्पा निघाल्या की तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. ‘सगळा अंधारच होता, कोण कुणाला मारतंय तेच कळेना.’ ‘संवाद पुटपुटल्यासारखे, आणि स्फोट झाला की घर हादरतं.’ ‘एवढा मोठा चित्रपट, पण दिसतो मालिकेसारखा.’ घरी पाहिलेल्या चित्रपटाबद्दल असं कोणी म्हटलं की माझा पहिला संशय दिग्दर्शकावर जात नाही, टीव्हीच्या सेटिंगवर जातो. छायाचित्रणकाराने जीव ओतून बसवलेला प्रकाश टीव्ही आपल्या मर्जीने बदलतो आणि बोल मात्र छायाचित्रणकाराला लागतो. तेव्हा मत जरूर द्या, वाईट वाटला तर वाईट म्हणा, पण आधी एवढं तपासून घ्या, यासाठी हा धागा.

‘मालिकेसारखा दिसतो’पासून सुरू करतो, कारण तो दोष दोन मिनिटांत जातो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सवर चित्रित होतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मधली जागा भरायला टीव्ही दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये स्वतः अंदाजाने बनवलेल्या फ्रेम्स घुसवतो. हालचाल तुळतुळीत होते आणि चित्रपटाचा पोतच जातो. सेट सेटसारखा दिसतो, मेकअप मेकअपसारखा. जिथे अंदाज चुकतो तिथे हलणाऱ्या बोटांभोवती पाण्यासारखी थरथर दिसते, किंवा जाळीच्या कुंपणासमोरून माणूस चालत गेला की कुंपण वितळल्यासारखं होतं. बहुतेक टीव्हींत हे खोक्यातून निघतानाच चालू असतं. सॅमसंगवर याला ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ म्हणतात, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. नुसतं हे बंद करा एवढं सांगण्यासाठी टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ केला होता, आणि २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या व स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने असली ढवळाढवळ बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला.

तर पिक्चर मोड ‘विविड’, ‘डायनॅमिक’ किंवा ‘स्टँडर्ड’ असेल तर ‘फिल्ममेकर’ करा. तो नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. मग खालच्या गोष्टी एकेक करून बघा: शार्पनेस तटस्थ (बऱ्याच टीव्हींत तो शून्याच्या आसपास असतो, सोनीवर ५०), नॉइज रिडक्शन बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, वीजबचतीचा इको मोड बंद. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल. चित्रपटाचा पांढरा रंग ६५०० केल्विनला बसवलेला असतो आणि दुकानी मोडचा पांढरा त्याहून बराच निळा असतो; डोळे सरावले की जुनं चित्रच निळं दिसायला लागतं.

एक खाचखळगा आहे. बहुतेक टीव्ही ही सेटिंगं प्रत्येक एचडीएमआय इनपुटसाठी आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) व साध्या चित्रासाठी वेगवेगळी साठवतात. बातम्या चालू असताना सगळं नीट केलं आणि रात्री एचडीआर चित्रपट लावला की पुन्हा पहिले पाढे. एचडीआर चित्रपट चालू असतानाच परत एकदा मेन्यूत जाऊन तेच बदल करावे लागतात.

तिसरी_रांग:
अगदी सहमत. वाचनखूण साठवली.

भर घालतो: ते सगळं बंद केल्यावरही संथ फिरणाऱ्या कॅमेऱ्यात चित्र लंगडत चालल्यासारखं दिसलं तर कारण वेगळं आहे. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. म्हणजे एक ५० मिलिसेकंद थांबते, दुसरी ३३. हा विषमपणा डोळ्याला लंगडेपणा म्हणून जाणवतो. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोब्बर पाचदा बसते. पण त्यासाठी बाहेरच्या स्ट्रीमिंग डब्याने टीव्हीला २४ फ्रेम्सच पाठवायला हव्यात. ॲपल टीव्हीत ‘मॅच कंटेंट’मध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करा, फायर टीव्हीत ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’. चित्रपट सुरू होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो, तो बिघाड नाही. टीव्ही नव्या गतीला जुळवून घेत असतो.

उनाड_पाखरू:
ओएलईडीवर स्मूदिंग (त्या अंदाजाच्या फ्रेम्स घुसवणं) पूर्ण बंद केलं तर संथ पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना, चित्र धक्के खातं. एलसीडीवर तोच प्रसंग बरा दिसतो. म्हणजे महागडा पडदा वाईट?

रीळगाडी:
पडदा वाईट नाही, फार चपळ आहे. ओएलईडीचा बिंदू जवळपास तत्क्षणी बदलतो, मग पुढच्या फ्रेमपर्यंत सुमारे ४२ मिलिसेकंद चित्र गोठून उभं राहतं आणि एकदम उडी मारतं. एलसीडी मुळात सुस्त, त्या सुस्तीत उडी पुसली जाते. उपाय असा: त्याच फ्रेम्स घुसवण्याच्या सेटिंगमध्ये (एलजीवर ‘ट्रूमोशन’) ‘युजर’ पर्याय निवडून डी-जडर २ किंवा ३ वर, डी-ब्लर शून्यावर. एवढ्याने धक्का बोथट होतो आणि मालिकेचा पोतही येत नाही. एलजीच्या नव्या टीव्हींत ‘सिनेमॅटिक मूव्हमेंट’ नावाचा पर्याय साधारण हेच करतो.

काही पॅन मुळातच धक्के खाणारे असतात हेही खरं. एखादी वस्तू चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सातेक सेकंद लागावेत, हा छायाचित्रणकारांचा जुना ठोकताळा आहे. त्याहून वेगात कॅमेरा फिरवला तर २४ फ्रेम्समध्ये धक्का येणारच, थिएटरातही. तिथे दोष दिग्दर्शकाच्या पदरात घालायला हरकत नाही.

अबोली:
अंधाराबद्दल मी लिहिते, कारण त्यावर सर्वांत जास्त अन्याय्य मतं वाचायला मिळतात.

थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याची उजळी ४८ निट्स (निट हे उजळीचं माप) असते, तीही पूर्ण अंधारात. साध्या टीव्ही चित्रासाठी रंगकार (चित्राचे रंग आणि उजळी बसवणारे) १०० निट्स धरतात, खोली मंद उजेडाची. दोन्ही आकडे टीव्हीच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी आहेत. म्हणजे उजळीची कमतरता नसते. खोलीतला उजेड जास्त असतो. पडद्यावर खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला की सर्वांत गडद छटा आधी बुडतात. काळा कोट, काळे केस आणि मागची भिंत यांचा एकच डाग होतो. रात्रीचे प्रसंग जास्त असलेला चित्रपट दुपारी पाहून ‘काही दिसत नाही’ म्हणणं योग्य नाही.

एचडीआरमध्ये गोष्ट आणखी नाजूक होते. साध्या चित्रात उजळी सापेक्ष असते. बॅकलाइट वाढवला की सगळंच उजळतं. एचडीआरमध्ये प्रत्येक आकड्याला ठरावीक निट्स नेमलेले असतात. चित्रपट १००० निट्सच्या मॉनिटरवर रंगवलेला आणि टीव्ही ३५० निट्सच गाठणारा असेल, तर प्रखर भाग सांभाळण्यासाठी अनेक टीव्ही अख्खं चित्रच खाली ओढतात. अशा टीव्हीवर तीन वाटा आहेत. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ चालू करा. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) असेल तर ‘डार्क’ किंवा ‘सिनेमा’ऐवजी ‘ब्राइट’ किंवा ‘सिनेमा होम’ घ्या. नाहीतर डब्यात एचडीआर सरळ बंद करून साधं चित्र पाहा. कमकुवत एचडीआरपेक्षा चांगलं साधं चित्र केव्हाही बरं.

आणि एक चूक जी अनेकांच्या घरी वर्षानुवर्षं तशीच असते: ब्लॅक लेव्हल. व्हिडिओत काळा १६ या आकड्यावर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकात ० आणि २५५. डबा एक पाठवतो आणि टीव्ही दुसरं समजतो तेव्हा, किंवा काळा राखाडी होऊन सगळ्यावर धुकं येतं, किंवा गडद छटा कापल्या जाऊन डाग पडतात. रुंद चित्रपट लावा, वरखालचे काळे पट्टे बघा. अंधाऱ्या खोलीत ते टीव्हीच्या चौकटीपेक्षा ठळकपणे राखाडी दिसत असतील तर आधी एचडीएमआय रेंज दोन्हीकडे ‘ऑटो’ करा, न जमल्यास दोन्हीकडे ‘लिमिटेड’. (स्वस्त एलसीडीचा काळा थोडा राखाडी असतोच, तो सोडून.)

उनाड_पाखरू:
मग २०१९ च्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या त्या रात्रीच्या लढाईच्या भागाचं काय? सगळ्या जगाने एकदम टीव्ही बिघडवले होते का?

अबोली:
तिथे दोष वाटून घ्यावा लागतो. छायाचित्रणकार फेबियन वॅगनर यांनी तेव्हा हेच सांगितलं की भाग जितका गडद हवा तितकाच होता, दाबून पाठवलेलं प्रक्षेपण आणि घरच्या टीव्हींची सेटिंगं त्याला भोवली. दाबण्याचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. चित्र दाबणारी प्रणाली आधी गडद भागातले बारकावे टाकून देते, कारण तिथे डोळ्याला कमी कळेल असा तिचा हिशोब असतो. धूर, धुकं आणि अंधार एकत्र आले की आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसतात. ८ बिट चित्रात एका रंगाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४. पायऱ्या त्यामुळेही कमी-जास्त होतात. पण घरोघरच्या पडद्यांसाठीच बनवलेली मालिका घरोघरच्या उजेडात दिसायला हवी, असं माझं ठाम मत आहे. चित्रपटाला थिएटरचा अंधार गृहीत धरता येतो, मालिकेला येत नाही.

कानसेन:
आवाजावर सविस्तर.

चित्रपटाचा आवाज ज्या खोलीत मिसळतात ती ठरावीक पातळीला बसवलेली असते: प्रत्येक मुख्य स्पीकरचा सरासरी आवाज ८५ डेसिबल, आणि त्याच्या वर आणखी २० डेसिबलची मोकळी जागा, म्हणजे शिखर १०५. कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर या हिशोबाने राखलेलं असतं. दिवाणखान्यात कोणी एवढ्या आवाजात पाहत नाही. आवाज खाली आणला की स्फोट सुसह्य होतो आणि कुजबुज पंख्याच्या आवाजाखाली गाडली जाते. ही झाली पहिली अडचण.

दुसरी अडचण जास्त खरी आणि दुरुस्त होणारी आहे. ५.१ आवाजात (पाच स्पीकर आणि ठोक्यासाठी एक वेगळा) बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमध्ये असतात. टीव्हीला सेंटर नसतो. मग तो संवाद ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटला जातो, आणि त्याच दोन स्पीकरांत संगीत, पाऊस, गाड्या, मागच्या स्पीकरांचे आवाज, सगळं येऊन बसतं. त्यात टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून. संवादातली व्यंजनं, स, त, क, श, ही २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात कळतात आणि तोच पट्टा भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत पोचतो. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. ‘पुटपुटतात’ ही तक्रार नेमकी इथून येते.

काय करायचं, या क्रमाने:

ॲपमध्ये आवाजाच्या यादीत ‘५.१’ लिहिलेला आणि न लिहिलेला असे दोन पर्याय असतील, आणि ऐकायला फक्त टीव्हीचे स्पीकर असतील, तर ५.१ नसलेला घ्या. तो दोन स्पीकरांसाठीच तयार केलेला असतो. फुकटातला हा एक बदल पुष्कळांची तक्रार मिटवतो.

टीव्हीच्या आवाजाच्या मेन्यूत ‘व्हर्च्युअल सराउंड’ बंद. तो संवाद मधून उचलून बाजूंना पसरवतो. ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग एन्हान्समेंट’ चालू, पण मधल्या पायरीवरच. पूर्ण वर नेलं की स आणि श फुसफुसतात. ‘नाइट मोड’ स्फोट आणि कुजबुज यांतलं अंतर कमी करतो. रात्री लोक झोपलेले असताना तो वापरण्यात काही कमीपणा नाही.

साउंडबार घ्यायचा झाल्यास पहिला आकडा बघा. २.१ म्हणजे सेंटर नाही, फक्त ठोका वाढेल. ३.१ म्हणजे सेंटर आहे. संवादासाठी पैसे टाकायचे असतील तर ३.१ हे किमान. मागचे स्पीकर, छतावर आदळणारा आवाज, हे सगळं त्यानंतर.

रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर असतील तर सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा. शुद्धतावादी नाक मुरडतील. शब्द कळणं जास्त महत्त्वाचं.

आणि हे सगळं करूनही शब्द कळत नसतील, तर दिग्दर्शकाला बेलाशक दोष द्या. संवाद संगीताखाली दाबणं ही काहींची शैली आहे, आणि मला ती पटत नाही.

मधली_ओळ:
साउंडबार जोडलाय, टीव्हीवर ॲटमॉस (डॉल्बीचा चहूबाजूंनी येणारा आवाज) लिहून येतं, पण बारवर फक्त पीसीएम (साधा डिजिटल आवाज) दिसतं. हे काय?

कानसेन:
टीव्हीच्या आवाजात ‘डिजिटल आउटपुट’ असा पर्याय असेल. तो ‘पीसीएम’वर असला की साध्या एआरसीतून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेने बारकडे परत पाठवणारी वाट) दोनच चॅनेल जातात. ‘पास-थ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा. तार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्याच एचडीएमआय भोकात हवी, दुसऱ्यात चालणार नाही, आणि टीव्हीत सीईसी, म्हणजे जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवतात ती सोय, चालू हवी (कंपन्या त्यालाही वेगवेगळी नावं देतात). स्ट्रीमिंगचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेला असतो, तो साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो. ब्लू-रेवरचा ट्रूएचडी मात्र त्यातून जात नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची जास्त क्षमतेची नवी आवृत्ती, लागते.

ओठ आणि आवाज यांत फरक पडला तर ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने हलवा. आवाज उशिरा आला तर सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत बहुतेकांना कळत नाही. आधी आला तर ४५ मध्येच खटकतं. निसर्गात आवाज कधीच दृश्याच्या आधी येत नाही, म्हणून.

चौकट:
घरी पाहताना चौकटीचा जो खून होतो त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

जुने चित्रपट १.३७ ला १ या जवळपास चौकोनी आकारात आहेत. आजचा टीव्ही १.७८. मूळ आकार राखला तर १९२० बिंदूंच्या रुंदीत चित्र सुमारे १४८० बिंदूंचं, दोन्ही बाजूंना २२० चे काळे पट्टे. ‘पडदा वाया जातो’ म्हणून लोक चित्र ताणतात. मग माणसं बुटकी-जाडी, चंद्र लंबगोल. किंवा ‘झूम’ करतात आणि कपाळ, हनुवटी कापली जाते. कृष्णधवल काळातल्या अभिनयात हात आणि कपाळ किती काम करतात ते बघा, मग हे कापणं किती महागात पडतं ते कळेल.

उलट बाजू रुंद चित्रपटांची. २.३९ चा चित्रपट टीव्हीवर १०८० पैकी ८०३ ओळीच वापरतो. पडदा भरण्यासाठी तो १.७८ ला कापला तर रुंदीचा चौथा हिस्सा जातो. दोन माणसं चौकटीच्या दोन टोकांना उभी करून त्यांच्यातलं अंतर दाखवायचं, हे रुंद पडद्याचं व्याकरण आहे. भारतात ‘कागज़ के फूल’ने १९५९ मध्ये सिनेमास्कोप आणला तो याच ताकदीसाठी. कापलेल्या प्रतीत एक माणूस हवेशी बोलताना दिसतो. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) तर काळ बदलला की चौकटीचा आकारच बदलतो, १.३७, १.८५ आणि २.३९. तिथे झूम म्हणजे कथेचंच एक अंग छाटणं.

टीव्हीत आकार ‘ओरिजिनल’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ ठेवा. साध्या ‘१६:९’मध्ये काही टीव्ही कडेचा दोन-पाच टक्के भाग अजूनही लपवतात, कोपऱ्यातला वाहिनीचा शिक्का किंवा श्रेयनामावलीची शेवटची ओळ कापलेली दिसली की समजावं.

पडद्यामागे:
घरचं पुष्कळ झालं, थिएटरकडे वळू. तिथेही प्रेक्षक चित्रपटाला नावं ठेवतात आणि दोष प्रोजेक्शनचा असतो.

आधी खुर्ची. आवाज बसवताना मायक्रोफोन साधारण पडद्यापासून दोनतृतीयांश अंतरावर, मध्याजवळ ठेवतात. तिकीट काढताना तीच रांग, तेच मधले क्रमांक शोधा. शेवटची रांग भारी मानली जाते ते मला पटत नाही. मागची भिंत आवाज घुमवते, सराउंड स्पीकर कानाशी येतात आणि चित्र लहान होतं. पडदा डोळ्यांशी किमान ३० अंशांचा कोन करायला हवा, ३६ ते ४० असेल तर उत्तम. घरासाठीही हाच हिशोब. ५५ इंची टीव्ही ३० अंशांसाठी सव्वादोन मीटरवर, ४० अंशांसाठी १.७ मीटरवर. ६५ इंची असेल तर २.७ आणि २ मीटर. बहुतेक घरांत सोफा याच्या दीडपट लांब असतो, आणि मग ‘थिएटरसारखं वाटत नाही’ म्हणतात.

थिएटरात चित्र मंद वाटलं तर कारणं ठरलेली. झेनॉन दिवा वापरून वापरून मंदावतो आणि बदलणं लांबवलं जातं. थ्रीडीसाठी पडद्यावरची उजळी मुळातच १५ निट्सच्या आसपास धरतात, म्हणजे साध्या चित्राच्या एकतृतीयांश. साधा चित्रपट लावताना थ्रीडीची जोडभिंग तशीच राहिली तरी उजेड खूप घटतो. प्रोजेक्टरच्या खिडकीतून एकावर एक दोन झोत येताना दिसले तर हा संशय घ्या.

पडद्याच्या कडेला राखाडी पट्टे दिसतात तेव्हा मास्किंगचे काळे पडदे ओढलेले नसतात. पुष्कळ ठिकाणी ते बसवलेलेच नसतात आता, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. चित्राला धारदार काळी कड मिळाली की तोच प्रकाश अधिक उजळ दिसतो.

फोकस श्रेयनामावलीत तपासा. मधली अक्षरं धारदार आणि कोपऱ्यातली पसरलेली, किंवा उलट, असं असेल तर भिंग हललेलं आहे.

आवाज. थिएटरच्या आवाजाच्या प्रोसेसरवर ७ हा आकडा म्हणजे मिश्रणाच्या खोलीतली पातळी. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असल्याने लोक तक्रार करतात, मग चालक आकडा ५.५ वर आणून ठेवतो आणि चित्रपटही तिथेच चालतो. आकडा ४ च्या वर एका अंकाला सुमारे ३.३ डेसिबल, म्हणजे मुख्य चित्रपट ५ डेसिबलने खाली. ‘संवाद हळू होते’ याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करा, आणि नेमकी करा. ‘चित्र नीट नाही’ याने काही होत नाही. ‘डावा कोपरा फोकसबाहेर आहे’, ‘मधल्या स्पीकरमधून आवाज येत नाही’, ‘पडद्यावर दरवाज्यावरच्या दिव्याचा उजेड पडतोय’ असं ड्यूटी मॅनेजरला सांगितलं तर त्याला काय करायचं ते कळतं. प्रोजेक्शनच्या खोलीत आता पूर्णवेळ माणूस बसलेला नसतो. प्रेक्षकाने सांगितलं नाही तर अख्खा खेळ तसाच जातो.

तिसरी_रांग:
पडद्यामागे, उत्तम प्रतिसाद. आता मूळ गप्पांवर येऊन एक मत मांडतो. ‘मारधाडीचे चित्रपट थिएटरात, संथ चित्रपट घरी’ ही वाटणी उलटी आहे. मारधाडीचा चित्रपट घरच्या लहान पडद्यावरही बऱ्यापैकी तग धरतो, कारण तो दर तीन सेकंदांनी आपलं लक्ष ओढून घेतो. दोन-तीन मिनिटांचा स्थिर शॉट, मागे फक्त वारा आणि लांबचा कुत्रा, हा प्रकार घरी मरतो. फोन हातात येतो, कोणी पाणी मागतं, बोट पॉजवर जातं. असा चित्रपट थिएटरच्या अंधाराचा सर्वांत जास्त हक्कदार आहे.

अबोली:
अर्धं मान्य. विनोदी चित्रपटही त्यात घाला. विनोदाची वेळ हशा धरून आखलेली असते, संवादानंतर ठेवलेली ती रिकामी जागा भरल्या सभागृहात भरते आणि घरी एकट्याने पाहताना पोकळ वाटते. पण संवादबहुल, अनोळखी बोलीतला किंवा नावं-तारखा खच्चून भरलेला चित्रपट मी घरीच पाहा म्हणेन. सबटायटल लावता येतात आणि मागे जाता येतं. चौकशी, न्यायालय, राजकारण असल्या चित्रपटांत एक वाक्य निसटलं की पुढची वीस मिनिटं हातातून जातात.

मधली_ओळ:
सबटायटलवरून दोन गोष्टी. यादीत ‘सीसी’ किंवा ‘एसडीएच’ लिहिलेलं असेल तर त्यात ‘दार वाजतं’, ‘ताणाचं संगीत’ अशा सूचनाही येतात. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी त्या हव्यातच, पण नुसती भाषा समजून घ्यायची असेल तर साधी यादी निवडा, नाहीतर धक्का बसण्याआधीच धक्का वाचला जातो. दुसरं, एचडीआरमध्ये पांढरी अक्षरं डोळ्यांवर येतात आणि त्यांच्यामुळे बाकी चित्र गडद भासतं. ॲपच्या किंवा डब्याच्या सबटायटल मांडणीत रंग फिकट राखाडी करा, मागची पट्टी काढा, बारीक कडा ठेवा. ‘चित्रपट अंधारा’ या तक्रारीत याचाही वाटा असतो.

डब केलेल्या आवाजाबद्दलही बोलायला हवं. अभिनयाचा अर्धा भाग आवाजात असतो, आणि डबिंग बंद खोलीत होतं. मोकळ्या माळावर उभा असलेला माणूस कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. शिवाय मूळ भाषेला ५.१ किंवा ॲटमॉस असताना डबला कित्येकदा दोनच चॅनेल असतात. डब ऐकून अभिनयाला ‘सपाट’ म्हणू नये.

उनाड_पाखरू:
प्रोजेक्टर घेऊन १०० इंच केला तर या सगळ्यातून सुटका होईल का? जाहिरातीत लिहिलेले हजारो ल्युमेन पुरतात ना?

पडद्यामागे:
हिशोब सोपा आहे. १०० इंची १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट. थिएटरइतक्या उजळीसाठी दर चौरस फुटाला १४ ते १६ ल्युमेन, म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष साडेचारशेच्या आसपास लागतात. एवढे कमी लागतात ते पूर्ण अंधारात, आणि भिंती-छत गडद असताना. पांढऱ्या भिंती उजेड परत पडद्यावर फेकतात आणि काळा राखाडी होतो. तो दोष कितीही ल्युमेन घेतले तरी जात नाही, उलट वाढतो. जाहिरातीत ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ (उजेड मोजण्याची मान्य मानकं) शब्द नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका, आणि असेल तरी सिनेमा मोडमध्ये त्याच्या अर्ध्यापर्यंत उतरतो असं धरून चाला.

जागा मोजा. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर १०० इंची पडद्याच्या २.२ मीटर रुंदीला ३.३ मीटर अंतर लागतं. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करू नका. त्यात बिंदू टाकून दिले जातात, अक्षरांच्या कडा दातेरी होतात आणि पडद्याबाहेर राखाडी त्रिकोण उरतो. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवण्याची सोय) असलेला घ्या, किंवा पडद्याच्या मध्यासमोर काटकोनात बसवा. आणि आवाज त्याच्या पोटातल्या स्पीकरवर सोडू नका. तो आपल्या डोक्यामागून येतो, तर ओठ समोर हलत असतात.

तिसरी_रांग:
अजून एक, जुन्या डीव्हीडी पाहणाऱ्यांसाठी. पाल (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीत २४ फ्रेम्सचा चित्रपट २५ ने पळवलेला असतो. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो, आणि आवाज सुधारून घेतला नसेल तर चढा लागतो. ओळखीच्या गायकाचा आवाज पातळ वाटतो, गाण्याची लय घाईची. पेटी घेऊन बसलात तर गाणं काळी चारचं की पांढरी पाचचं तेच ठरेना.

कानसेन:
तिसरी_रांग, किती चढा त्याचा आकडा देतो. २५ भागिले २४ म्हणजे ४.१७ टक्के वाढ, त्याचे सुमारे ७१ सेंट होतात. १०० सेंट म्हणजे पेटीवरची लगतची एक पट्टी. तेव्हा पट्टीच्या सत्तर टक्के चढा, म्हणूनच तो धड या पट्टीत बसत नाही ना त्या. प्लेअरमध्ये किंवा संगणकावरच्या व्हीएलसीमध्ये वेग ०.९६ केला तर लय मूळची होते. पण व्हीएलसी वेग बदलताना स्वर जागेवर राखतं, त्यामुळे स्वरही खाली आणायचा तर आधी ‘प्रेफरन्सेस’मधल्या ऑडिओ भागातला ‘टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ’ हा पर्याय काढून टाका.

तिसरी_रांग:
नेमक्या आकड्यासाठी आभार.